विश्लेषण : संशोधनासाठी ५० हजार कोटी, राज्य विद्यापीठांच्या प्रयोगशाळेपर्यंत किती पोहोचणार?

एकेका शास्त्रज्ञाला अनुदान देण्याबरोबरच आता अनेक संस्थांच्या गटाला एकत्र पैसे देण्याचा मार्ग केंद्र सरकारने निवडला आहे. या योजना नेमक्या काय आहेत आणि त्यातला कळीचा प्रश्न कोणता?

नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या ई-स्कूटरच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी होते. यावर उपाय कोणी शोधायचा? सेलमधील रसायने बदलायची तर रसायनशास्त्रज्ञ हवा. उष्णता बाहेर काढायची तर मेकॅनिकल इंजिनीअर हवा. चार्जिंगवर नियंत्रण ठेवायला इलेक्ट्रिकलवाला आणि बॅटरी किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधायला डेटाचा जाणकार हवा. आपल्याकडे ही माणसे बहुतेक वेळा वेगळ्या विभागांत, वेगळ्या इमारतींत आणि अनेकदा वेगळ्या शहरांत बसतात. त्यांना एका टेबलाशी आणायचे तर अनुदानाची रचनाही तशीच लागते.

एएनआरएफ म्हणजे काय?

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, अर्थात एएनआरएफ. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठीचा कायदा मंजूर केला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे एसईआरबी, त्यात विलीन झाले. पंतप्रधान हे नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. विज्ञान, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती यांच्यासह सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या जिथे विज्ञानाला भिडतात, ते विषयही या कायद्याच्या कक्षेत आहेत.

पैसा कुठून येणार?

२०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये, असा अंदाज मांडण्यात आला. त्यातील १४ हजार कोटी सरकार देणार आणि उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार यांच्याकडून येणे अपेक्षित आहे. म्हणजे दर १०० रुपयांतील ७२ रुपये सरकारी तिजोरीबाहेरचे.

हा आकडा का महत्त्वाचा? भारत संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. चीनचे हेच प्रमाण २ टक्क्यांहून, अमेरिकेचे ३ टक्क्यांहून आणि दक्षिण कोरियाचे ४ टक्क्यांहून अधिक आहे. या देशांत खासगी उद्योग संशोधनाचा मोठा भार उचलतात. आपल्याकडे ती सवय कमी आहे. त्यामुळे ७२ रुपयांचा वाटा प्रत्यक्षात किती जमतो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

‘महा’ आणि ‘पेअर’ या योजना काय आहेत?

‘महा’ ही ठरावीक विषयांवरील मोहीम आहे. पहिला विषय इलेक्ट्रिक वाहनांचा. त्याचे तीन भाग आहेत : उष्ण हवामानात टिकणाऱ्या बॅटरी व सेल, मोटर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, तसेच चार्जिंगच्या सुविधा. प्रस्ताव एका प्राध्यापकाने नव्हे, तर शिक्षणसंस्था, प्रयोगशाळा आणि उद्योग यांच्या गटाने द्यायचा आहे. विदर्भातल्या स्कूटरचा प्रश्न नेमका इथे बसतो.

‘पेअर’ योजनेत ‘हब अँड स्पोक’ पद्धत आहे. बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा म्हणजे हब आणि त्यातून निघणारे आरे म्हणजे स्पोक. संशोधनात पुढे असलेली संस्था हब होते आणि जास्तीत जास्त सात संस्था तिला आऱ्यांसारख्या जोडल्या जातात. हबकडची उपकरणे, मार्गदर्शन आणि अनुभव या संस्थांना मिळावा, हा उद्देश. पहिल्या फेरीत निवडलेल्या हबमध्ये आयआयटी बॉम्बे, बंगळूरुची आयआयएससी आणि हैदराबाद विद्यापीठ यांचा समावेश आहे.

याची गरज का पडली?

देशात उच्चशिक्षण घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठे आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत आहेत. पैसा मात्र दुसरीकडे जात होता. एएनआरएफचा प्रस्ताव आला तेव्हा समोर आलेल्या माहितीनुसार, एसईआरबीच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के आयआयटींना मिळत होता, तर राज्य विद्यापीठांच्या वाट्याला सुमारे ११ टक्केच येत होता.

हे केवळ पक्षपातामुळे होत नाही. ज्या विभागात चांगले उपकरण नाही, तिथे प्राथमिक निष्कर्ष मिळत नाहीत. ते नसले की प्रस्ताव कच्चा ठरतो, आणि प्रस्ताव नामंजूर झाला की उपकरण येत नाही. हे दुष्टचक्र तोडणे हेच ‘पेअर’चे काम आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पात्रतेची. पहिल्या टप्प्यात स्पोक होण्यासाठी केंद्रीय व राज्य विद्यापीठांपैकी एनआयआरएफ क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलेल्यांचाच विचार झाला. सोबत निवडक एनआयटी आणि ट्रिपल आयटी. पुढील टप्प्यांत कक्षा वाढवण्याचे सांगितले गेले आहे. पण ज्यांना हात देण्याची सर्वाधिक गरज आहे, ती विद्यापीठे तूर्त दाराबाहेर आहेत.

दुसरी अडचण कागदांची. सरकारी अनुदान हप्त्यांत येते. आधीच्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर पुढचा हप्ता सुटतो. संस्था जितक्या जास्त, तितके हिशेबही जास्त. हप्ता लांबला की सर्वात आधी झळ बसते ती प्रकल्पावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना. जेआरएफची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. पण ती वेळेवर आली तरच घरभाडे भरता येते.

तिसरी अडचण श्रेयाची. चार विषयांच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या शोधनिबंधात पहिले नाव कुणाचे? बढतीच्या मुलाखतीत ‘तुमचा विषय नक्की कोणता?’ असे विचारले जात असेल, तर तरुण प्राध्यापक दुसऱ्या विभागाशी हातमिळवणी करायला कचरणारच.

सरकारने काही नियम सैल केले का?

होय. संशोधन अनुदानावर जीएसटीच्या नोटिसा निघाल्यानंतर गदारोळ झाला. ९ सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने अशा अनुदानांना सूट देण्याची शिफारस केली. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम शिथिल झाले. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली. गरजेनुसार ‘जेम’ पोर्टलबाहेरून खरेदी करण्याचे अधिकार संस्थांचे संचालक आणि कुलगुरूंना मिळाले.

एक लाख कोटींचा निधी तो हाच का?

नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेली १ लाख कोटींची आरडीआय योजना प्रामुख्याने खासगी क्षेत्रासाठी आहे. त्यात मुख्यतः कमी किंवा शून्य व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे आहेत, प्राध्यापकांच्या प्रकल्पांना अनुदान नाही. दोन्ही आकडे एकत्र करून पाहिले तर गैरसमज होतो.

विद्यार्थ्यांनी काय पाहावे?

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी आपले विद्यापीठ एखाद्या ‘पेअर’ गटात आहे का, हे जरूर विचारा. नसेल तर ‘आय-स्टेम’ हे राष्ट्रीय पोर्टल उपयोगी पडू शकते. देशभरातील संस्थांची उपकरणे तिथे शोधून शुल्क भरून वापरता येतात.

या योजनांचे यश शोधनिबंधांच्या संख्येवर मोजणे सोपे आहे. खरी कसोटी वेगळी आहे. अनुदानाची मुदत संपल्यानंतर स्पोक असलेल्या विद्यापीठात ते यंत्र सुरू राहते का, ते चालवणारा तंत्रज्ञ टिकतो का आणि पुढचा प्रस्ताव ते विद्यापीठ स्वतःच्या बळावर लिहू शकते का? तसे झाले तरच आऱ्यांनाही बळ आले असे म्हणता येईल.