नांदेड-लातूरकडील कागदांतील 'रुपये' : हाली कीं कलदार ?

नांदेड-लातूरकडील जुने कागद वाचणारास 'रुपये' हा शब्द सर्वांत सोपा वाटतो, आणि तेथेंच तो फसतो. हा मुलूख इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व त्या राज्याचें नाणें निराळें होतें. त्यामुळें येथील कागदांत दोन रुपये नांदतात : राज्याचा 'हाली सिक्का' आणि इंग्रजी टांकसाळींत यंत्रानें पाडलेला 'कलदार'. ७,००० हालींचें गहाण म्हणजे ६,००० कलदारांचें. हा भेद न पाहतां कर्जाचा बोजा सांगणारा तो एक षष्ठांशानें फुगवून सांगतो.

पाणिनीनें 'रूप्य' शब्द 'आहत', म्हणजे ठसा मारलेलें, या अर्थीं सिद्ध केला आहे. ठसा राजाचा असला तरी सराफाची नजर धातूवरच असते. कलदाराचें वजन १८० ग्रेन व त्यांत बारांपैकीं अकरा भाग रुपें, म्हणजे शुद्ध रुपें १६५ ग्रेन. चारमिनार छापाचा हाली सुमारें १७२॥ ग्रेनांचा, त्यांत हजारीं ८१८ भाग रुपें. शुद्ध रुपें सुमारें १४१ ग्रेन. या हिशेबानें १०० कलदारांस ११७ हालींना किंचित् कमी पडतात. सरकारी दर ११६ रुपये १० आणे ८ पै होता. सहांस सात हें प्रमाण त्याचेंच. सरकारनें ठरविलेला दर धातूच्या तोलापासून किती थोडा ढळला आहे, हें पाहण्याजोगें आहे. मात्र हा दर मागील काळास लावूं नये. एकोणिसाव्या शतकांत बट्टा बाजारांत वरखालीं होई. कागदांत बट्ट्याचें स्वतंत्र कलम मिळाल्यास तेंच प्रमाण मानावें.

लातूरच्या कागदांत अधिक सावध राहावें लागतें. इ. स. १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वे तेथपर्यंत आली आणि लातूरची बाजारपेठ इंग्रजी अमलांतील बार्शीशीं जोडली गेली. तिकडचा व्यवहार कलदाराचा, इकडचा सरकारसारा हालीचा.

नाण्यांचा संग्रह करणारांसाठीं एक-दोन खुणा. हालीवरील ९२ हा आंकडा सन नव्हे. 'मुहम्मद' या नांवाच्या अक्षरांची ती अबजद बेरीज आहे. चारमिनारच्या कमानींत 'मीम' असल्यास नाणें महबूब अलीखानाचें, 'ऐन' असल्यास इ. स. १९११ नंतरचें, उस्मान अलीखानाचें.

सोन्याची गोष्ट वेगळी. अशरफी राज्याच्याच टांकसाळींत पडे, पण तिचा रुपयांतील भाव सोन्याच्या बाजारावर चाले. कंपनी सरकारनेंही इ. स. १८३५ च्या कायद्यानें सोन्याचें नाणें देण्याघेण्यांत बंधनकारक ठेविलें नव्हतें. अमेरिकेंतील यूटा राज्यानें इ. स. २०११ मध्यें सोन्यारुप्याच्या नाण्यांस कायदेशीर चलन म्हटलें; परंतु तीं घेण्याची सक्ती तेथेंही कोणावर नाहीं. अशरफीची जात तीच !

कागदावर नुसता फसली सन असल्यास त्यांत ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. फसली १३२७ (इ. स. १९१७-१८) नंतरच्या कागदांत 'रुपये' म्हणजे नोटाही असूं शकतात, महायुद्धांत रुपें दुर्मिळ झाल्यावर इ. स. १९१८ मध्यें राज्यानें कागदी चलन काढलें, व त्यावर मराठी अक्षरेंही होतीं. इ. स. १९५० मध्यें भारतीय रुपया हालीच्या जोडीनें सुरू झाला, तोही सातांस सहा याच दरानें. हाली पुढें १९५९ मध्यें पूर्णपणें रद्द झाला. तेव्हां १९५० नंतरच्याही खतांत तो आढळल्यास खत बनावट समजूं नये.