खडकावर चढणारी आरसी गाडी आणि मधेच दगा देणारं स्टिअरिंग

आरसी कार म्हटलं की डोळ्यासमोर येते ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुसाट पळणारी, भिंतीला धडकणारी गाडी. रॉक क्रॉलर अगदी उलट. ही गाडी आपल्या चालण्यापेक्षाही हळू, एकेक दगड चाचपत वर चढते. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४, अ‍ॅक्सिअलची एससीएक्स१० ही यातली गाजलेली तयार मॉडेल्स. मी मात्र सुटे भाग जमवून १/१० स्केलची एक स्वतः बनवली. स्वस्तात होईल असं वाटलं होतं. नाही झालं.

आधी ती चढते कशी ते बघू. साध्या कारमध्ये डिफरन्शियल असतं, त्यामुळे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतं. पण एक चाक हवेत उचललं गेलं, की तेच नुसतं गरगर फिरत बसतं आणि गाडी जागेवर. म्हणून क्रॉलरमध्ये डिफरन्शियल लॉक करतात. दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात. बदल्यात गाडीला वळायला जास्त जागा लागते. मोटर ५५ टर्नची घेतली. तारेचे वेढे जितके जास्त, तितकी मोटर हळू आणि काबूत राहणारी. टायर मऊ रबराचे, आत हवेऐवजी फोम. वजन मात्र खाली आणि पुढे हवं, नाहीतर उभ्या चढावर गाडी मागे कोलांटी खाते. मी पुढच्या चाकांत पितळी रिंगा टाकल्या आणि बॅटरी पुढे सरकवली. (बॅटरीचा ट्रे पीएलएमध्ये थ्रीडी प्रिंट केला होता. मे महिन्यात बंद कारमध्ये राहिला आणि पापडासारखा वाकला. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. आता पीईटीजी वापरतो.)

खरा त्रास पुढेच होता. घरी फरशीवर गाडी मस्त चालायची. टेकडीवर नेली, की चाक दोन दगडांच्या फटीत अडकल्यावर स्टिअरिंग सेकंदभर मरायचं आणि गाडी घरंगळत खाली. एकदा तर पुढची एक लिंक वाकली. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आवडता बग: ‘माझ्याकडे तर चालतंय!’

सवयीप्रमाणे मी सेटिंग्जमध्ये शिरलो. रिमोट परत बाइंड केला, अँटेना हलवली, दोन संध्याकाळी वाया घालवल्या. शेवटी वरची बॉडी काढून, चाक मुद्दाम दगडात अडकवून फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला. त्यात दिसलं: स्टिअरिंग मरतं त्याच क्षणी रिसीव्हरचा दिवा विझून परत लागतो. म्हणजे सिग्नल जात नव्हता, रिसीव्हरच रीस्टार्ट होत होता.

जुना फोन २० टक्के बॅटरी असतानाही कॅमेरा उघडला की बंद पडतो, हे पाहिलं असेल. एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं. इथेही तेच. चाकं वळवणारी सर्व्हो मोटर मी २५ किलो-सेंटीमीटरची, दणकट घेतली होती. अडकलेलं चाक वळवताना ती भरपूर करंट मागते. तिला वीज देत होता ईएससीमधला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला, छोटा बीईसी. तो होता ३ अँपिअरचा, आणि त्याच्यावरच रिसीव्हरही चालत होता. सर्व्होने ओढलं, व्होल्टेज बसलं, रिसीव्हर झोपला. फरशीवर चाक अडकतच नाही, मग दिसणार कसं?

उपाय म्हणजे सर्व्होसाठी वेगळा, १० अँपिअरचा बीईसी. त्याला थेट बॅटरीवरून जोडायचं. सर्व्होला तीन वायर असतात. लाल वायर रिसीव्हरमधून काढून नव्या बीईसीला द्यायची, सिग्नलची तशीच ठेवायची आणि काळी सगळ्यांना सामायिक ठेवायची. काळी सामायिक नसेल तर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हेच सर्व्होला कळत नाही आणि ती थरथरते. बीईसीचं व्होल्टेज जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा आणि सर्व्होवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका.

लिपो बॅटरीबद्दल एवढंच: फुगलेली बॅटरी वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही.

पुढच्या रविवारी त्याच फटीत गाडी परत घातली. चाक अडकलं, सर्व्हो कण्हली, दिवा लागलेलाच राहिला आणि गाडी हळूच वर आली. आता ती वाकलेली लिंक बदलायची आहे.