आजीआजोबांसाठी मोहीम कोणत्या धाटणीची?

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की दुपारी दारे-खिडक्या मिटून सारे कुटुंब कूलरपुढे एका खोलीत जमते. सुटीवर आलेली मोठी नातवंडे अशा वेळी हल्ली एक वेगळाच खेळ मांडतात. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतील पात्रे होतात, 'आता मी अमुक करतो' असे बोलून सांगतात, आणि बेत साधला की फसला हे फासा ठरवतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेथून हा प्रकार रुजला. अनेक बैठकांत चालणाऱ्या एका गोष्टीला मुले 'कॅम्पेन' म्हणतात. आपण मोहीम म्हणू.

आजोबांना यात बसवावे काय? अवश्य बसवावे. मात्र मोहिमेची धाटणी त्यांच्या प्रकृतीकडे पाहून निवडावी.

आधी एक खुलासा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००३ साली आलेल्या एका अभ्यासात ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींची काही वर्षे पाहणी केली होती. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन व नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. परंतु ज्यांची बुद्धी आधीच मंदावू लागली होती, तेच खेळापासून दुरावले असतील, असेही संभवते. तेव्हा हा खेळ औषध समजून कोणावर लादू नये. घरातल्या घरात एकाकी पडलेल्या माणसाला चार जणांत जागा मिळते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

सलग कथानकाची मोहीम तरुणांना प्रिय असते. पहिल्या दिवशीचे रहस्य आठव्या दिवशी उलगडते. स्मरण शाबूत असलेल्या ज्येष्ठांना ती खुशाल द्यावी. दुसरी मोकळी मोहीम, म्हणजे वाटेल तिकडे जा, वाटेल ते करा. विसराळूपणा सुरू झालेला माणूस इतक्या वाटा पाहून गोंधळतो आणि गप्प बसतो. त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवावेत.

अशा माणसांसाठी मी तिसरी धाटणी सुचवतो. चातुर्मासात पोथी लागते, तेव्हा एका बैठकीत एक अध्याय पुरा होतो. मधला दिवस चुकला तरी ऐकणारा पुन्हा सामील होऊ शकतो. मोहीमही तशीच असावी. आपल्याकडे मूर्तिजापूर ते अचलपूर पूर्वी धावणारी शकुंतला घ्या. रोज एक स्टेशन, त्या स्टेशनाची एक अडचण, आणि ती त्याच बैठकीत सुटलेली. दर्यापूरला कापसाची गाठोडी अदलाबदल झाली; अंजनगावला चढलेल्या बाईच्या डब्यात काय आहे ते ओळखायचे. भुलाबाईची खिरापत ओळखण्यात वाढलेल्या आजीला हे शिकवावे लागत नाही! स्मृतिभ्रंशात कालपरवाचे आधी पुसट होते, तरुणपणीचे बहुधा उशिरापर्यंत टिकते. म्हणून परक्या राक्षसांच्या गुहेपेक्षा ओळखीची गाडी बरी. त्या गाडीत आजोबा जाणकार ठरतात, नातवंडे त्यांना विचारतात. बैठकीच्या आरंभी सूत्रधाराने मागची कथा स्वतःच दोन वाक्यांत सांगावी. 'आजोबा, आठवते का?' हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याने खेळाची परीक्षा होते.

कथेच्या विषयाबाबतही सावध राहावे. 'माझे पैसे कोणी चोरले', 'जेवणात काही घातले' असा संशय ज्या रुग्णाला येतो, त्याच्या मोहिमेत चोर, विष आणि विश्वासघात नकोत. खेळ संपतो, पण भीती मनात राहते, आणि रात्री तिचा रोख घरच्याच माणसांवर वळतो. ज्यांना भास होतात त्यांच्याबाबतही हेच पथ्य पाळावे.

बाकी व्यवस्था साधी आहे. खेळगडी चार-पाचच असावेत, एका वेळी एकानेच बोलावे आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. श्रवणयंत्र असेल तर ते आधी लावावे. हात थरथरत असतील तर फासा जाड कापड घातलेल्या परातीत टाकावा. उघड्या परातीचा खणखणाट श्रवणयंत्रातून असह्य होतो. ल्यूडोचा फासाही चालतो. पाऊण तास पुरे. काहींचा गोंधळ तिन्हीसांजेला वाढतो, त्यांच्यासाठी चारचा चहा ही योग्य वेळ. मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांचे खाणे डाव रंगला म्हणून लांबवू नये. आणि दिवसभर सेवा करणाऱ्या सुनेला केवळ चहापुरते बोलावू नये, तिलाही एक पात्र द्यावे.

रोज हौसेने खेळणारे आजोबा हळूहळू मागे सरू लागले, तर आधी कान तपासावेत, मग मन उदास आहे का ते पाहावे. मात्र काल नीट बोलणारा माणूस आज एकाएकी असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगीत राहू लागला, तर तो वाढता विसराळूपणा समजून थांबू नये. लघवीचा अथवा छातीचा जंतुसंसर्ग, उन्हाने शरीरातील पाणी घटणे, रक्तातील साखर उतरणे, नव्याने सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी सोबत घ्यावी.