दुसऱ्याची बाजू मांडणारे काका

मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यात वकिलाचं काम कधी संपत नाही. गावठाणाची हद्द नक्की कुठपर्यंत, सातबाऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव कसं, मासळी वाळवायची जागा गावाची की सरकारची, समुद्राला इतकं लागून असलेलं घर दुरुस्त करायला परवानगी कुणाची घ्यायची, असा कागदांचा गुंता घरोघरी असतो. त्यात जमीन सलग आणि दरबार दोन. मनोरी-गोराई मुंबई महापालिकेत, तर पुढचं उत्तन मीरा-भाईंदरमध्ये, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. मार्व्याला तरीत बसून खाडी ओलांडली की मनोरी, तिथून उत्तरेकडे गोराई, मग उत्तन. या सगळ्याला जुनं नाव धारावी बेट (झोपडपट्टीची धारावी वेगळी). चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये, ते पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आलं.

या किनाऱ्यावरच्या घराण्यातून एक मोठा वकील निघाला. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. वडील जॉन बॅप्टिस्टा मूळचे उत्तनचे. जोसेफ यांचा जन्म मात्र मुंबईत, माझगावच्या माथारपाखाडीत, १७ मार्च १८६४ रोजी झाला. लाकडी जिन्यांची, सज्जांची घरं आणि मधोमध क्रूस असलेली ही पाखाडी आज चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेली असली, तरी शाबूत आहे. मुंबईत त्यांना सगळे ‘काका’ म्हणत. कॅथलिक बॅरिस्टरला हिंदू गिरणी कामगाराने, पोस्टमनने, पुण्याच्या ब्राह्मण कार्यकर्त्याने काका म्हणावं, हे त्या काळात साधं नव्हतं.

साधं का नव्हतं, ते समजायला त्यांच्या समाजाकडे पाहावं लागतं. साष्टी, वसई आणि मुंबईच्या बेटांवरचे हे मूळ रहिवासी घरात मराठीच बोलत. पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, तरी उंबराचं पाणी आणण्यासारखे लग्नातले विधी आणि बायकांचं लुगडं त्यांनी सोडलं नाही. पुढे सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत गोव्याकडच्या ख्रिश्चनांशी स्पर्धा सुरू झाली. आपण ब्रिटिश मुलखातले जुने प्रजाजन, हे ठसवायला १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ काढली. हे नाव राजनिष्ठेचं होतं. पोटापाण्यासाठी होतं, त्यात काही गैर नाही. पण अशा समाजातला शिकलेला तरुण टिळकांच्या गोटात जाऊन बसतो, याची किंमत त्याला घरीदारी मोजावी लागली असणार, असं मला वाटतं.

शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत. मग पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते इंजिनियर झाले, तिथून केंब्रिजला जाऊन राज्यशास्त्र शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. विलायतेत त्यांच्या मनात भरली ती आयर्लंडची होमरूल चळवळ. साम्राज्य उलथवायची भाषा न करता, साम्राज्याच्याच कायद्यावर बोट ठेवून स्वतःचा कारभार मागायचा, ही तिची रीत वकिलाला पटण्यासारखीच होती. १९०१ पासून पुढे सतरा वर्षं ते मुंबई महापालिकेत सदस्य होते. पाणी, गटारं, चाळी, साथीचे रोग हे विषय तिथे रोजचे.

कोर्टातली त्यांची कामं पाहिली की माणूस कळतो. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. बॅप्टिस्टा त्यांच्या मदतीला होते. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. त्याहून अवघड काम १९१० चं. नाशिक कटाच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण बसलं आणि बोटीतून निसटल्यावर फ्रान्समध्ये, मार्सेयच्या किनाऱ्यावर, पुन्हा पकडून आणलेले सावरकर आरोपी होते. बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. पकडणंच बेकायदा, तर खटला कसला, हा मुद्दा होता. सावरकरांना जन्मठेप झाली. बॅप्टिस्टांच्या कारकिर्दीत जिंकलेले खटले शोधणाऱ्याची निराशा होईल. ज्याच्या बाजूने उभं राहणं धोक्याचं, त्याच्या बाजूने ते उभे राहिले.

टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटले. डिसेंबर १९१५ मध्ये पुण्यात राष्ट्रीय पक्षाच्या मंडळींची सभा भरली, अध्यक्ष बॅप्टिस्टा. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतःकडे पदच घेतलं नाही. वर्षभरात चौदा हजार सभासद झाले. अ‍ॅनी बेझंट यांची लीग त्यानंतर काही महिन्यांनी निघाली. आज शाळेच्या पुस्तकात होमरूल म्हटलं की टिळक आणि बेझंट ही दोन नावं येतात. पहिल्या लीगचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न परीक्षेत विचारला तर वर्गातले किती हात वर होतील? स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क, ही कल्पना त्यांनीच टिळकांना सुचवली असंही सांगितलं जातं. मी त्या वादात पडणार नाही. घोषणा ज्याच्या तोंडून लोकांनी ऐकली, तिचा मालक तोच.

१९१७ मध्ये लीगचे प्रतिनिधी म्हणून ते इंग्लंडला गेले. तिथल्या मजूर पक्षाचे दरवाजे ठोठावणं हे त्यांचं काम. जानेवारी १९१८ मध्ये नॉटिंगहॅमला मजूर पक्षाची परिषद भरली, तिथे हिंदुस्थानची बाजू मांडायला ते हजर होते. विलायतेतल्या कामगार संघटना त्यांनी जवळून पाहिल्या आणि परतल्यावर त्यांच्या वकिलीला नवा पक्षकार मिळाला.

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय कामगार संघटना उभी राहिली. तिच्या परिषदेत कामगारांचा प्रतिनिधी कामगार संघटनांशी बोलून पाठवायचा, असा नियम होता. पण आपल्याकडे सगळ्या देशाची अशी संघटनाच नव्हती. १९१९ च्या पहिल्या परिषदेला सरकारनेच ना. म. जोशींना निवडून पाठवलं. माणूस चांगला, पण निवड सरकारची. ही पोकळी भरायला ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय. उभारणी करणाऱ्यांत बॅप्टिस्टा, जोशी, दिवाण चमनलाल. पुढच्या वर्षी झरियाच्या कोळसाखाणींच्या गावात दुसरं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष बॅप्टिस्टा. १९२४ च्या जिनिव्हा परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले.

तेव्हा संघटना काढणं जोखमीचं होतं. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी बी. पी. वाडियांसारख्या पुढाऱ्यांवरच कोर्टात दावा लावला, हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. संघटनेला कायद्याचं संरक्षण मिळालं १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने. त्याआधीची ही सहा वर्षं गिरणीच्या दारात वकील सोबत असणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मुंबईचे टपालवालेही त्यांना आपलं मानत.

मालक आणि मजूर हे भागीदार, एकमेकांचे शत्रू नव्हेत, असं बॅप्टिस्टा मानत. पुढच्या पिढीतल्या कम्युनिस्टांनी याची टर उडवली. १९२८ ची गिरण्यांची मोठी संपलाट पाहिल्यावर त्यांचा भागीदारीचा सिद्धान्त भाबडा वाटतो खरा. मला तो टिकणारा वाटत नाही. पण मध्यस्थाने समोरच्याला आधी माणूस मानावं लागतं, हे वकिलाला पेशाने शिकवलेलं असतं.

राजकारणातही त्यांनी वेगळा डाव मांडून पाहिला. मुंबईत एक सोशल डेमॉक्रॅटिक पक्ष काढायचा, वर्तमानपत्र चालवायचं, आणि संपादक म्हणून पाँडिचेरीहून अरविंद घोषांना परत आणायचं. त्यांच्या पत्राला ५ जानेवारी १९२० रोजी अरविंदांनी सविस्तर नकार कळवला. तो नकार अरविंदांच्या अभ्यासकांना तोंडपाठ आहे. १ ऑगस्टला टिळक गेले, गांधींच्या असहकाराची लाट आली आणि कोर्टकचेऱ्यांवर बहिष्काराची हाक दिली गेली. आयुष्य कायद्यावर उभं केलेल्या बॅरिस्टरला ती मानवणं कठीणच होतं.

१९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८ सप्टेंबर १९३० ला गेले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. के. आर. शिरसाट यांनी १९७४ मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, पालिकेच्या जलाशयाच्या माथ्यावर त्यांच्या नावाची बाग आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चढून गेलं की गोदी खाली पसरलेली दिसते. नगरपित्यांच्या यादीत त्यांना आता महापौर म्हणतात. ते पद अध्यक्षाचं होतं. महापौर हे नाव १९३१ मध्ये आलं.