कागदावरची रिंग, जमिनीतला चर

छावणीतून एका वाचकाने विचारलंय : ‘रस्त्याचं खोदकाम निघालं की कधी आमच्या एकाच गल्लीचं नेट जातं, कधी अख्ख्या भागाचं जातं, आणि कधी जेसीबीने तार उखडून रस्त्यावर आणून टाकली तरी नेट आपलं चालूच. हे काय गौडबंगाल आहे? आणि ग्रामपंचायतींना आता ‘रिंग टोपोलॉजी’ने जोडणार अशी बातमी आहे, त्याने गावाकडचं नेट जायचं थांबेल का?’

गौडबंगाल काही नाही. नेट किती वेगवान आहे याचा इथे संबंध नाही, तार कशी फिरवली आहे याचा आहे. जाहिरातीत मेगाबिटचे आकडे ठळक छापतात. तुमच्या घरापर्यंतची तार कुठून निघाली, वाटेत कितींना भेटली, हे कुणी छापत नाही. तसं पाहिलं तर ‘नेटवर्क टोपोलॉजीचे प्रकार आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न पॉलिटेक्निकपासून बीसीएपर्यंत सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलेला असतो. बस, स्टार, रिंग, मेश, ट्री. पट्टी-पेन्सिलने काढलेल्या पाच सुबक आकृत्या, आणि पैकीच्या पैकी गुण. पंचाईत एवढीच की बिघाड आकृतीत होत नाही, जमिनीत होतो. आणि जमिनीत तार टाकणाऱ्याने वहीतली आकृती पाहिलेली असेलच असं नाही.

छावणीकरांना हे उलगडून सांगायला अमेरिकेपासून सुरुवात करायची गरज नाही. खाम नदीकाठच्या पाणचक्कीपर्यंत गेलं तरी पुरे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, तेव्हा त्याच्यापुढे मोठा प्रश्न पाण्याचा होता. त्याने उत्तरेच्या डोंगराकडून, जमिनीच्या पोटातून, नहर-ए-अंबरी गावात आणली. पंप नाही, वीज नाही. सगळा खेळ उताराचा. मुख्य नहरीतून खापरी नळ फुटले, नळांना हौद जोडले, हौदांवर वस्त्या जगल्या. नंतरच्या काळात आणखी नहरी आल्या : थत्ते नहर, पाणचक्कीची नहर. पाणचक्कीच्या नहरीने तर पाणी काही किलोमीटरवरून आणून उंचावरून सोडलं आणि त्या धारेवर जातं फिरवलं, तेही अठराव्या शतकात.

आता ही रचना कागदावर काढा. एक खोड, त्याच्या फांद्या, फांद्यांच्या टोकाला हौद. परीक्षेच्या भाषेत ‘ट्री’. हौदापाशी नळ फुटला तर एका मोहल्ल्याची ओरड, फांदीवर फुटला तर चार मोहल्ल्यांची आणि खोडावर घाव बसला तर सगळ्या वस्तीची. पण थत्ते नहर बुजली म्हणून पाणचक्कीचं जातं थांबत नव्हतं, कारण त्या दोघींची खोडंच वेगळी. वाचकाच्या तीन अनुभवांपैकी दोन इथेच सुटले. आणि खोदताना उखडली गेलेली तार दुसऱ्याच झाडाची असेल तर तिसराही सुटला.

मला या व्यवस्थेत सगळ्यात जास्त कौतुक आहे ते बंब्यांचं. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी हे विटा-चुन्याचे उंच बंबे उभे केले होते. काही अजून दिसतात, बरेचसे आपण पाडले. पाणी नळातून एका बाजूने वर चढायचं, वरच्या कुंडीत गाळ ठेवायचं, नळात कोंडलेली हवा सोडून द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरून पुढच्या नळाला लागायचं. पण त्याचा आणखी एक फायदा बघा. एका बंब्यात पाणी चढतंय आणि पुढच्यात चढत नाही, म्हणजे बिघाड या दोघांच्या मध्येच. सगळं गाव खणायला नको. आज तार जोडायला येणारी पोरं ओटीडीआर नावाचं यंत्र लावतात, तेही हेच करतं : तारेत प्रकाशाचा एक झटका सोडायचा आणि परत फिरलेला प्रकाश किती वेळाने आला त्यावरून तुटलेली जागा इथून किती मीटरवर आहे ते सांगायचं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे हिशेब क्षणात होतो. पुढे ती जागा नेमकी कुणाच्या ओट्याखाली निघते हा वेगळा विषय.

तुमच्या घरात येणारं फायबरही झाडच आहे. एक्स्चेंजमधल्या ओएलटी नावाच्या यंत्रातून एक काचतंतू निघतो आणि वाटेत, खांबावरच्या काळ्या पेटीत, त्याचे स्प्लिटरने भाग पडतात. बहुतेक ठिकाणी एका तंतूवर ३२ किंवा ६४ घरं. या स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता काचेचा तुकडा. येईल तो प्रकाश वाटून देतो. ३२ घरं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बत्तिसाव्या हिश्शाहूनही थोडा कमी. शेजाऱ्यासाठी निघालेली माहितीसुद्धा तुमच्या भिंतीपर्यंत येते, फक्त सांकेतिक केलेली असते म्हणून वाचता येत नाही. स्वस्त आणि सुटसुटीत व्यवस्था. पण पेटीच्या अलीकडे तार तुटली की बत्तीस घरं एकदम रस्त्यावर येऊन एकमेकांना विचारतात, ‘तुमचं आहे का हो?’

बाकीच्या आकृत्यांचं आयुष्य झटकन सांगून टाकतो. ‘बस’ आता जवळपास इतिहासजमा आहे. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत इथरनेट सुरू केलं, ते एका लांबलचक जाड केबलवर. पन्नास ओहमचे टर्मिनेटर दोन्ही टोकांना लावलेले असायचे. एखादा निसटला की लहरी टोकावरून परत फिरून एकमेकींत मिसळायच्या आणि अख्खी लॅब ठप्प. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास चालवलेल्या कुणालाही विचारा. कुणाच्या तरी पायाला लागून सैल झालेला तो टी-कनेक्टर शोधण्यात त्यांच्या दुपारी गेल्या आहेत. १९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेवर इथरनेट चालवायचं मानक आलं, प्रत्येक संगणकाची वेगळी तार मधल्या हबला जाऊ लागली आणि ‘स्टार’ने बसला घरी बसवलं.

आयबीएमच्या टोकन रिंगची गोष्ट तर परीक्षकांनाही बुचकळ्यात टाकणारी. १९८५ मध्ये ती बाजारात आली. नाव रिंग, माहिती एकाकडून दुसऱ्याकडे गोल फिरायची हेही खरं. पण खोलीत जाऊन तारा बघितल्या तर सगळ्या मधल्या एका पेटीत गेलेल्या, म्हणजे उघड उघड स्टार. रिंग त्या पेटीच्या पोटात. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बातमीकडे. खेड्यांपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव ‘भारतनेट’ झालं. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा ‘महानेट’ म्हणून ओळखला जातो. सुरुवातीची रचना सरळ रेषेची : तालुक्याच्या ठिकाणाहून निघायचं, आधीच पुरलेली तार असेल तिथपर्यंत ती वापरायची आणि तिथून ग्रामपंचायतीपर्यंत नवा तुकडा जोडायचा. ती तोडायला रस्ता रुंदीकरणाचा एक पोकलेन पुरेसा होता. पलीकडची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात, १,३९,५७९ कोटी रुपये खर्चाच्या, तालुका ते ग्रामपंचायत हे जाळं रिंगमध्ये गुंफायचं ठरलं आहे.

इथे नहरीची उपमा सोडावी लागते. पाणी उताराच्या दिशेनेच जाणार. नहरीची दोन टोकं जोडून गोल केली तरी ते उलटं चढणार नाही. प्रकाशाला उतार नसतो. तार एका ठिकाणी तुटली की माहिती माघारी वळते आणि उलट्या बाजूने फेरा मारून पोचते. टेलिफोन कंपन्यांच्या जुन्या फायबर रिंगना हा पालट करायला ५० मिलिसेकंदांची मुदत असे. बोलणाऱ्याला कळतही नसे.

मग सगळीकडे रिंगच का केली नाही? एक कारण अर्थातच पैसा. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, आणि ते सांगायचं तर रेडिया पर्लमन यांचं नाव घ्यावं लागतं. इथरनेटच्या निरोपावर ‘इतक्या टप्प्यांनंतर मर’ अशी नोंदच नसते. त्यामुळे जोडणी गोल झाली की सगळ्यांसाठी सोडलेला निरोप फिरतच राहतो, प्रत्येक यंत्र त्याच्या प्रती काढून पुढे पाठवतं आणि काही क्षणांत जाळं स्वतःच्याच कोलाहलाने बसतं. १९८५ च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये पर्लमनबाईंनी यावर तोड काढली. यंत्रांनी आपापसात एक प्रमुख ठरवायचा, त्याच्यापर्यंतची जवळची वाट धरायची आणि उरलेल्या जोडण्या स्वतःहून मिटून घ्यायच्या. गरज पडली की त्या उघडायच्या. म्हणजे तारा कितीही गोल टाका, चालताना ते झाडच! ‘स्पॅनिंग ट्री’ हे त्या पद्धतीचं नाव. जगभरच्या ऑफिसांतले, कॉलेजांतले स्विच गेली काही दशकं हीच पद्धत किंवा तिच्या सुधारित आवृत्त्या चालवत आले. इथरनेटच्या गोष्टीत मेटकाफ यांना मिळालेल्या प्रसिद्धीचा दहावा हिस्साही बाईंच्या वाट्याला आला नाही. वर त्यांना ‘इंटरनेटची आई’ म्हटलेलं आवडत नाही, आणि मुळात इथरनेटचे तुकडे असे जोडायलाच नको होते, ते काम राउटरचं, असं त्याच सांगत आल्या. गावोगावच्या नव्या रिंगमध्ये राउटरच बसणार आहेत. बाईंचं म्हणणं चाळीस वर्षांनी तालुक्याला पोचतंय म्हणायचं.

एवढ्यावर खूश व्हायला मी तयार नाही. रिंगला दोन वेगळ्या वाटा लागतात. जायची आणि यायची तार एकाच चरात पुरली तर नकाशावर सुरेख वर्तुळ दिसतं आणि जेसीबीचा एकच दात दोन्ही बाजू एका फटक्यात तोडतो. टोकन रिंगचं उलटं : तिथे रिंग पेटीत लपली होती, इथे रिंगमध्ये सरळ रेषा लपते. चर खणायचा खर्च तारेच्या खर्चापुढे मोठा असतो, म्हणून हा मोह सगळ्यांनाच होतो. नदी आडवी आली की पूल मोजकेच, मग एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेल्या कंपन्यांच्या तारा एकाच कठड्याला शेजारी शेजारी बांधलेल्या सापडतात.

हे समुद्रातही घडलं आहे. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या. मालक वेगळे, करार वेगळे, मुंबईतल्या ग्राहकांना ‘दुसरी वाट आहे’ म्हणून विकलेलं आश्वासन वेगळं. इजिप्तपाशी मात्र दोघींची वाट एकच. भारताचं पश्चिमेकडचं नेट काही दिवस रखडत चाललं.

प्रत्येक गाव प्रत्येक गावाला जोडावं म्हटलं तर हजार गावांना ४,९९,५०० तारा लागतील, तेव्हा पूर्ण मेशचा नाद कुणी करू नये. पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये रँड संस्थेसाठी अणुहल्ल्यात टिकणाऱ्या जाळ्याचा हिशेब मांडला, तेव्हाच दाखवलं होतं की किमान लागतात त्याच्या तिप्पट-चौपट जोडण्या पुरेशा होतात. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने तो विचार धुडकावला. आपल्या ग्रामपंचायतींना तर तिप्पटही नको. दोन वाटा हव्यात, फक्त खरोखरच्या दोन. नकाशा दाखवायला कुणी आलं तर वर्तुळाकडे बघू नका. दोन्ही तारा कोणत्या रस्त्याच्या कोणत्या कडेने येतात आणि नदी कुठे ओलांडतात, ते विचारा.

छावणीत राहून ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. फायबर गेलं की फोनचा हॉटस्पॉट लावू, या भरवशावर पुष्कळजण असतात, आणि ऐन वेळी फोनही मान टाकतो. बहुतेक मोबाइल टॉवर स्वतः फायबरवरच उभे असतात, आणि ते फायबर त्याच चरातून आलेलं असू शकतं. सिम दुसऱ्या कंपनीचं घेतलं म्हणून वाट दुसरी होत नाही. टॉवरवर ढोलासारखी गोल मायक्रोवेव्ह डिश दिसते का ते बघा. त्या टॉवरची माहिती निदान काही अंतर तरी हवेतून जाते, आणि जेसीबीचा हात अजून तिथवर पोचलेला नाही.