जामीनकीची सही

बँकेत चौतीस वर्षे मी इतरांची पत तपासली. माझी पत कुणी तपासील आणि मला नापास ठरवील, असे कधी मनातही आले नव्हते. निवृत्तीनंतर, २०२२ साली, मुलीकडे परदेशी जायचे ठरले. वाटेतल्या हॉटेलचे आरक्षण क्रेडिट कार्डाशिवाय होईना, म्हणून अर्ज केला. चार दिवसांत मोबाइलवर एका ओळीचा नकार आला. काही चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या बँकेत गेलो, मग तिसऱ्या. सगळीकडे तेच उत्तर. "अहो, कुणाचे पैसे बुडवलेत की काय?" पत्नीने थट्टेत विचारले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आमच्या उमेदीच्या काळात कर्जदाराची चौकशी करायला आम्ही त्याच्या गल्लीतल्या वाण्याकडे जात असू. उधारी वेळेवर फेडतो का, एवढे विचारले की पुष्कळसे कळे. त्यात आडनाव, ओळखपाळख यांचेही वजन पडे, हे कबूल केले पाहिजे. २००० साली 'सिबिल' स्थापन झाली आणि वाण्याची जागा हळूहळू यंत्राने घेतली. आज अशा चार कंपन्या आहेत. कर्जाचा नि कार्डाचा प्रत्येक हप्ता त्यांच्याकडे नोंदला जातो आणि त्यावरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक आकडा निघतो. साधारणपणे ७५० च्या पुढे असाल तर बँका खूश. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवला. माझा आकडा होता ६१२.

कारण तिसऱ्या पानावर सापडले. २०१५ साली आतेभावाच्या छापखान्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. २०२० च्या टाळेबंदीत लग्नपत्रिकांची छपाई थांबली, हप्ते थकले, आणि पुढच्या वर्षी कर्ज देणाऱ्यांनी काही रक्कम सोडून देऊन खाते बंद केले. नोंद मात्र 'पूर्ण फेड' अशी नव्हती, 'सेटल्ड' म्हणजे तडजोड अशी होती. तीच नोंद जामीनदार म्हणून माझ्या अहवालात उतरली होती. शिवाय माझे तिन्ही अर्जही तिथे नोंदलेले! दारोदार कर्ज मागत फिरणारा माणूस यंत्राला अडचणीतला वाटतो.

आतेभावाला बोलावून घेतले. कागद पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, प्रकरण मिटलं असंच मला सांगितलं होतं. तुझ्या नावावर काही राहील हे खरंच ठाऊक नव्हतं." मी रागावणार होतो, पण शब्द फुटेना. कारण माझ्याच टेबलासमोर बसलेल्या कितीतरी जामीनदारांना मी म्हणालो होतो, "काही नाही हो, नुसती औपचारिकता आहे. इथे सही करा." त्या लोकांपैकी कितीजणांची झोप पुढे उडाली असेल, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

मग दुरुस्तीला लागलो. सोडून दिलेली रक्कम होती ८४ हजार. छापखाना अजून सावरला नव्हता, म्हणून ती मीच भरली, 'येणे बाकी नाही' असा दाखला घेतला आणि खाते 'पूर्ण बंद' असे नोंदवून घेतले. थकलेल्या हप्त्यांच्या खुणा मात्र लगेच पुसल्या जात नाहीत. (अहवालात चूकच असेल तर तक्रार करावी. ती ३० दिवसांत सुटली नाही, तर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.)

कार्ड मिळाले ते मुदत ठेवीवर. ५० हजारांची ठेव तारण ठेवली आणि ४० हजारांची मर्यादा मिळाली. तारण हातात असल्यामुळे बँक जुन्या नोंदींकडे फारसे बघत नाही, पण नव्या नोंदी मात्र सुरू होतात. विजेचे बिल, किराणा, औषधे एवढेच त्यावर घ्यायचे, खर्च दहा-बारा हजारांपुढे जाऊ द्यायचा नाही आणि मुदतीआधी संपूर्ण बिल भरायचे. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून छोटासा आकडा छापलेला असतो, त्याला भुलू नये. उरलेल्या पैशांवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढू शकते. दीड वर्षात माझा आकडा ७४८ वर आला.

यंत्र कुणाचे आडनाव विचारत नाही, ही त्याची चांगली बाजू. टाळेबंदीत छापखाना का बंद पडला, हेही ते विचारत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी विचारायचे ते आपणच विचारले पाहिजे, आणि सही केल्यावर दरवर्षी अहवाल पाहिला पाहिजे.

आतेभाऊ आता दर महिन्याच्या एक तारखेला दोन हजार रुपये आणून देतो. नको म्हटले तरी ऐकत नाही. मी ते डायरीत तारखेसह लिहून ठेवतो. आजवर त्याचा एकही हप्ता चुकलेला नाही.