मेक्सिकोचें पोसोले आणि पथ्याचा विचार



मेक्सिको देशांत १५ सप्टेंबरच्या रात्रीं, म्हणजे तेथील स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस, घरोघर एक मोठें पातेलें चढतें. त्यांत पोसोले शिजत असतें. टपोऱ्या पांढऱ्या मक्याचे दाणे व डुकराचें मांस तासन् तास उकळून केलेला हा दाट रस्सा आहे. हालिस्को प्रांतांत तो वाळलेल्या मिरच्यांनीं लाल करितात. गेरेरो प्रांतांत भोपळ्याच्या बियांनीं हिरवा करितात, आणि तेथें तर गुरुवार हा पोसोलेचाच वार मानला जातो. लग्नकार्यांत, वाढदिवसास, थंडीच्या रात्रीं, जिवास बरें वाटावें म्हणून तेथील माणूस हेंच अन्न मागतो.

परंतु मधुमेह व स्थूलता या विकारांनीं त्या देशास फार गांजलें आहे. साखरेच्या पेयांवर २०१४ सालापासून तेथें कर आहे, आणि २०२० सालापासून साखर, मीठ किंवा चरबी यांचा अतिरेक असलेल्या बांधीव खाद्यांवर काळें अष्टकोनी चिन्ह छापावें लागतें. अशा स्थितींत घरांतील वडील माणसास वैद्यानें पथ्य सांगितलें, कीं सणाच्या दिवशीं दोन पातेलीं चढतात : एक सर्वांचें, दुसरें आजाऱ्याचें. आजाऱ्यास आपल्याच पंक्तींत परकें वाटूं लागतें. तेव्हां एकाच पातेल्यांतून सर्वांना वाढतां येईल असें पोसोले कसें करावें, हा आजचा विषय आहे.

त्यासाठीं प्रथम या पदार्थांत जुनें काय आणि मागाहून आलेलें काय, हें पाहिलें पाहिजे. मका, मिरची व भोपळा हीं त्या भूमीचींच पिकें होत. डुक्कर मात्र सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर आलें, व त्याची चरबीही त्याबरोबरच आली. म्हणून चरबी कमी केल्यानें पोसोलेचें पोसोलेपण जात नाहीं. ज्यास हात लावूं नये अशी गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे चुना.

पोसोलेचा मका आधीं चुन्याच्या पाण्यांत शिजवितात. आपणांस विड्याचा चुना ठाऊक आहे. तेथें तो धान्यास लावतात. चुन्यामुळें दाण्याचें चिवट टरफल सुटतें, दाण्यांत कॅल्शियम मुरतें, आणि मक्यांत बांधलेल्या स्थितींत असलेलें नायसिन नांवाचें जीवनसत्त्व मोकळें होऊन शरीरास मिळतें. मका युरोपांत गेला तेव्हां ही क्रिया त्याच्याबरोबर गेली नाहीं. जे गरीब लोक केवळ मक्यावर राहिले त्यांना पेलाग्रा हा रोग जडला. १७३५ सालीं स्पेनमधील आस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें त्याचें वर्णन केलें. पुढें अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनीं तो संसर्गाचा नसून आहारांतील उणीवेचा रोग आहे हें सिद्ध केलें. आणि १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनानें त्या उणीवेचें नांव कळलें. एका जेवणांत साधा मका वापरल्यानें कोणास पेलाग्रा होणार नाहीं, हें खरें. परंतु हलकें करावयाचें म्हणून चुन्याच्या मक्याऐवजीं गोड मक्याचे कोंवळे दाणे घालणारी गृहिणी नेमका त्यांतील गुणच काढून टाकते.

आतां कृति. आठ माणसांस अर्धा किलो वाळलेला पांढरा मका घ्यावा. खाण्याचा चुना सुमारें ५ ग्रॅम घेऊन तो दोन लिटर पाण्यांत कालवावा. भिंतीस लावावयाचा चुना वापरूं नये, आणि भांडें ॲल्युमिनियमचें नसावें. मका त्यांत अर्धा तास उकळून थंड होऊं द्यावा, दाणे चोळून टरफलें काढावीं व तीन-चार पाण्यांनीं धुवावे. मग स्वच्छ पाण्यांत ते तीन-चार तास मंद आंचेवर शिजवावे. दाणा फुलासारखा उमलला म्हणजे झाला. डब्यांतील तयार मका घेतल्यास त्यांतील खारट पाणी टाकून तो धुवून घ्यावा.

डुकराच्या डोक्याऐवजीं व पायांऐवजीं कातडी काढलेली एक किलो कोंबडी घ्यावी. ती आदल्या दिवशीं शिजवून रस्सा रात्रभर थंड ठेवावा. सकाळीं चरबी वर गोठलेली असते; ती चमच्यानें उचलून टाकावी. एक ग्रॅम चरबींत नऊ उष्मांक असतात, म्हणजे पिष्टाच्या दुपटीहून अधिक. त्यामुळें या एका कृतीचा लाभ मोठा आहे. मिरच्या चरबींत न परततां तव्यावर हलक्या भाजाव्या, गरम पाण्यांत भिजवाव्या, लसणीबरोबर वाटाव्या आणि रश्श्यांत उकळाव्या. मांस न खाणाऱ्यांसाठीं अळंबी घातलेलें पोसोलेही मेक्सिकोंत होतें.

मीठ शेवटीं व बेतानें घालावें. सबंध दिवसाचें मीठ ५ ग्रॅमहून कमी असावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाडग्यामागें एक ग्रॅम पुरे. उणें वाटल्यास लिंबू पिळावें व ओरेगानोचीं वाळलीं पानें चुरडून घालावीं.

मधुमेह असलेल्या माणसास वाढतांना दाणे थोडे व कोंबडी अधिक वाढावी, कारण मका हें शेवटीं पिष्टमय धान्यच आहे. वाडग्यावर बारीक चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या व कांदा घालण्याची चाल मूळचीच आहे. ती दुप्पट हातानें पाळावी. सोबतची तळलेली मक्याची पोळी तव्यावरच कडक भाजावी, आणि साय घालूं नये.

असें केलें असतां आजाऱ्यासाठीं वेगळें पातेलें लागत नाहीं. वाढण्याचें प्रमाण माणसागणिक बदलेल, पण रस्सा सर्वांचा एकच राहील. पथ्य घरांत टिकावयाचें असेल तर तें सर्वांच्या ताटांतून जावें लागतें. एकट्याच्या ताटांत तें फार दिवस टिकत नाहीं.